मुंबई ते लंडन : विमानाला किती तास लागतात?



मी इयत्ता चौथीत शिकते. या वेळच्या भित्तिपत्रकासाठी मी गणिताचा लेख लिहिला आहे. हे गणित पुस्तकातले नाही. ते आमच्या घरी आत्याच्या लग्नाच्या वेळी आले. मी ते आधी चुकवले आणि माझ्या चुकीमुळे सगळी हळद चुकणार होती. म्हणून ते गणित काय होते ते तुम्हांला नीट सांगते.

माझे धाकटे काका मालवाहू जहाजावर कूक आहेत. गेल्या फेब्रुवारीत ते मुंबईहून विमानाने लंडनला गेले आणि तिथल्या बंदरात जहाजावर चढले. दहा महिन्यांनी, डिसेंबरात, ते लंडनलाच उतरणार होते आणि तिथून विमानाने घरी येणार होते. आत्याचे लग्न सोमवारचे आणि हळद रविवारी संध्याकाळी. आजीचे म्हणणे एकच होते, की माझी सगळी पोरे हळदीला माझ्यासमोर पाहिजेत. लग्नात कान पिळायला धाकटा भाऊ लागतो, ते निराळेच.

लग्नाच्या आदल्या रविवारी काकांचा फोन आला. ते म्हणाले, "शनिवारी रात्री साडेनऊचं विमान आहे. नऊ तास लागतात." एवढे म्हणाले आणि फोन कट झाला. परत काही लागेना.

बाबांनी मला विचारले, "बाय, साडेनऊ अधिक नऊ किती गो?" मी बोटांवर मोजले आणि लगेच सांगितले, "सकाळी साडेसहा!" सगळ्यांना बरे वाटले. सकाळी साडेसहाला विमान उतरले, सामान घेऊन आठला बाहेर आले, तर जीपने संध्याकाळी पाच-सहापर्यंत गावात. सातची हळद मिळते. बाबांनी शेजारची जीप ठरवली आणि सकाळी सहाला विमानतळावर हजर राहायला सांगितले. सगळ्या वाडीला सांगून झाले, की धाकटा हळदीला येतोय. मला सगळ्यांनी हुशार म्हटले. मला पण तसेच वाटत होते.

मंगळवारी काकांनी बाबांच्या मोबाईलवर तिकिटाचा फोटो पाठवला. त्यात लिहिले होते : लंडन २१.३०, मुंबई १२.००. एसटी स्टँडच्या फळ्यावर अशीच वेळ लिहितात, म्हणून बाबांना ते लगेच कळले. २१.३० म्हणजे रात्रीचे साडेनऊ. १२.०० म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारचे बारा. मी पुन्हा मोजले. साडेनऊपासून मध्यरात्रीपर्यंत अडीच तास. तिथून दुपारच्या बारापर्यंत बारा तास. एकूण साडेचौदा तास!

मग घरात वाद सुरू झाला. आई म्हणाली, "भाऊजी नऊ म्हणाले की चौदा?" बाबा म्हणाले, विमानाला वाटेत थांबा असेल, एसटी चिपळूणला थांबते तशी. आजी म्हणाली, "अगो, मग ते घड्याळ खोटं बोलतंय की माझा पोरगा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला रडायला आले, पण मी रडले नाही.

आईने ट्रंकेतून काकांच्या जातानाच्या तिकिटाचा कागद काढला. आई कुठलाच कागद टाकत नाही. त्यावर होते : मुंबई १४.००, लंडन १८.३०. दुपारी दोनला निघाले आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला पोचले. म्हणजे फक्त साडेचार तास! जाताना साडेचार आणि येताना साडेचौदा, हे कसे? आमच्या गावाहून तालुक्याला जाताना चढ आहे म्हणून एसटीला वेळ लागतो, आणि येताना उतार. पण आकाशात दहा तासांचा चढ असणार नाही, एवढे मला कळत होते.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वेळा पाटीवर लिहून शाळेत नेल्या. गुरुजींनी लगेच उत्तर सांगितले नाही. ते नेहमी असेच करतात. त्यांनी कपाटावरचा पृथ्वीगोल काढला, धूळ पुसली आणि म्हणाले, "आधी अंतर मोजू."

अंतर आम्ही दोऱ्याने मोजले. कसे ते सांगते, तुम्ही पण करून बघा. प्रथम गोलाच्या पोटाला, म्हणजे विषुववृत्तावरून, दोरा गुंडाळला आणि तो पट्टीवर मोजला. तो ९६ सें.मी. भरला. खरी पृथ्वी तिथे सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. ४०,००० ला ९६ ने भागले तर ४१६ येतात आणि बाकी ६४ उरते. बाकी सोडून दिली. म्हणजे आमच्या गोलावर १ सें.मी. म्हणजे ४१६ किलोमीटर.

मग मुंबईवर दोऱ्याचे टोक धरले आणि लंडनपर्यंत नेले. पहिल्या वेळी १९ सें.मी. आले. गुरुजी म्हणाले, दोरा ढिला आहे. मग मी मुंबई दाबून धरली आणि माझ्या मैत्रिणीने लंडनकडून ताणला. तेव्हा १७ सें.मी. आणि वर ३ मि.मी. आले. १७ गुणिले ४१६ म्हणजे ७०७२. वरच्या ३ मि.मी.चे सुमारे १२५. एकूण ७१९७ किलोमीटर. गुरुजींनी सांगितले, की मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. आमचे उत्तर फक्त तीन किलोमीटरने कमी होते! तेवढे तर आमच्या वाडीपासून शाळेपर्यंतच आहे.

इथे एक गंमत झाली. ताणलेला दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचे खालचे टोक, युक्रेन, पोलंड आणि जर्मनी यांच्यावरून गेला. पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-लंडन रेघ धरली, तर ती इराणच्या आखातावरून आणि तुर्कस्तानच्या कडेने जाते. दोन्ही सरळच, मग वाटा दोन कशा? गुरुजी म्हणाले, पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबली की फाटते किंवा ताणली जाते. नकाशातही तसेच होते, उत्तरेकडचा भाग जास्त ताणला जातो. म्हणून लांबचे अंतर नकाशावर पट्टीने मोजू नये, गोलावर दोऱ्याने मोजावे. दोरा ताणला की तो आपोआप सगळ्यांत जवळची वाट धरतो.

पण विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. आकाशातही देशांच्या हद्दी असतात आणि परवानगी लागते. २०१९ साली आणि पुन्हा २०२५ साली पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा आपल्या विमानांना समुद्रावरून वळसा घालावा लागला. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि तिथले आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. आमचा दोरा नेमका दोन्हींवरून जातो. म्हणून खरी वाट ७,२०० पेक्षा जास्तच भरते. आमच्याकडे साकव वाहून गेला की पलीकडच्या वाडीला जायला घाटीवरून जावे लागते, तसेच ते.

आता वेळेचे सांगते. वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या. गोलावर मुंबईला एक टिकली लावली आणि लंडनला एक. एका मुलाने बॅटरी धरली, तो सूर्य. गोल फिरवायचे काम माझे. मी पहिल्यांदा उलटा फिरवला आणि सगळे हसले, कारण सूर्य पश्चिमेला उगवायला लागला. मग पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवला. मुंबईची टिकली आधी उजेडात आली, आणि लंडनची अजून काळोखातच होती. मुंबईत मुले शाळेत बसतात तेव्हा लंडनची मुले झोपलेली असतात.

पृथ्वी २४ तासांत एक फेरी मारते. एका फेरीत ३६० अंश असतात. २४ तासांची १,४४० मिनिटे. १,४४० ला ३६० ने भागले तर ४ येतात. म्हणजे एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. लंडनमध्ये ग्रीनिच म्हणून जागा आहे, तिथून ० अंशाची उभी रेघ जाते. ती शून्याची रेघ म्हणून १८८४ साली ठरली. मुंबई तिच्या पूर्वेला सुमारे ७३ अंशांवर आहे. ७३ चोक २९२ मिनिटे, म्हणजे ४ तास ५२ मिनिटे. मी म्हटले, म्हणजे मुंबई लंडनच्या ४ तास ५२ मिनिटे पुढे! गुरुजी म्हणाले, सूर्याच्या हिशेबाने बरोबर, पण घड्याळाच्या हिशेबाने नाही. मुंबईचे स्वतःचे निराळे घड्याळ पूर्वी होते. त्याला मुंबई टाईम म्हणत, आणि ते ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. ते १९५५ पर्यंत चालले. आता सगळ्या भारताला एकच वेळ आहे. ती साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवरून घेतात. ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. ८२ चोक ३२८ आणि अर्ध्याचे २, झाली ३३० मिनिटे. म्हणजे साडेपाच तास.

इथे माझी चूक सापडली. काकांचे विमान लंडनच्या घड्याळाने साडेनऊला निघणार आणि नऊ तासांनी, लंडनच्या घड्याळाने सकाळी साडेसहाला उतरणार. पण ते उतरणार मुंबईत, आणि मुंबईचे घड्याळ तेव्हा साडेपाच तास पुढे असणार. साडेसहा अधिक साडेपाच बरोबर बारा. तिकीट पण बरोबर आणि काका पण बरोबर. मीच लंडनच्या घड्याळात मुंबईची वेळ बघत होते.

मला एक गोष्ट मात्र अजून खटकत होती. फरक साडेपाच तास हे आपल्याला गुरुजींनी सांगितले म्हणून कळले. समजा कुणीच सांगितले नसते, तर नुसत्या दोन तिकिटांवरून विमानाला किती तास लागतात ते काढता आले असते का? गुरुजी म्हणाले, "दोन्ही मिळव बघू." मी मिळवले. साडेचार अधिक साडेचौदा म्हणजे १९. जाताना घड्याळ साडेपाच तास कमी दाखवते आणि येताना साडेपाच तास जास्त दाखवते, म्हणून दोन्ही मिळवले की तो फरक उडून जातो. जाऊन येऊन खरे १९ तास. त्याचे निम्मे साडेनऊ. मला हे इतके आवडले, की मी ते पाटीवर पुन्हा पुन्हा केले. घड्याळे दोन ठिकाणची असली तरी दोन्हींची बेरीज चुकत नाही. (एक अट आहे. दोन्ही प्रवासांच्या वेळी घड्याळांतला फरक सारखाच पाहिजे. ही अट का, ते पुढे सांगते.)

पण १९ तास हे साडेनऊ आणि साडेनऊ असे सारखे नाहीत. जाताना १० तास लागतात आणि येताना ९. तपासून बघा. दुपारी २ ला निघाले, १० तासांनी मुंबईत रात्रीचे १२ वाजले, त्यातून साडेपाच तास वजा केले की लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा. जुळले! वाट तीच असून येताना एक तास कमी का, यावरून वर्गात भांडण झाले. एक मुलगा म्हणाला, विमान आकाशात असताना खालून पृथ्वी फिरते, त्यामुळे फरक पडतो. गुरुजी म्हणाले, तसे असते तर लंडनला जातानाच कमी वेळ लागला असता, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि लंडन आपणहून आपल्याकडे आले असते. पण हवा पृथ्वीबरोबरच फिरते. चालत्या एसटीत चिंचोका वर उडवा, तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या माणसावर पडत नाही. मी शनिवारी आईबरोबर बाजाराला जाताना एसटीत करून बघितले. हातातच पडला. फक्त गाडीने ब्रेक मारला तेव्हा पुढच्या आजोबांच्या टोपीवर गेला.

खरे कारण वारा आहे. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरपेक्षाही जास्त जोराचा होतो. विमान त्याच उंचीवर उडते. एव्हरेस्ट शिखर ८,८४९ मीटर उंच आहे, विमान त्याच्याही वरून जाते, आणि बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते. काकांनी सांगितले, की समोरच्या छोट्या पडद्यावर ती थंडी लिहून येते. येताना हा वारा पाठीशी असतो, जाताना तोंडावर. खाडीतून होडी ओहोटीबरोबर खाली नेताना फारशी वल्ही मारावी लागत नाहीत, आणि ओहोटीच्या उलट यायचे म्हटले की दंड भरून येतात. आमच्या वर्गात खाडीकाठची तीन मुले आहेत, त्यांना हे सगळ्यांच्या आधी कळले.

७,२०० ला १० ने भागले तर जाताना ताशी ७२० किलोमीटर. ९ ने भागले तर येताना ताशी ८००. प्रत्यक्ष आकाशात विमान ताशी ९०० च्या आसपास पळते. पण जमिनीवर रांगेत थांबणे, चढणे, उतरणे आणि वळसे, हे सगळे त्या तासांत धरलेले असते.

आता याच्यापुढचे गणित मी स्वतः केले. रत्नागिरीहून मुंबईला एसटीने सुमारे ३४० किलोमीटर आहे आणि साधारण नऊ तास लागतात. लंडनहून मुंबई ७,२०० किलोमीटर, तिथेही नऊच तास! ७,२०० ला ३४० ने भागले तर २१ येतात आणि थोडी बाकी उरते. म्हणजे तेवढ्याच वेळात काका एकवीस पट लांबून येणार. बाबा म्हणाले, पण एसटीत वडापाव मिळतो.

जहाजाचे पण सांगते, कारण काका जहाजावरचे आहेत. सुएझच्या कालव्यातून मुंबई ते लंडन समुद्राने सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर आहे. मालवाहू जहाज ताशी २८ किलोमीटर धरले, तर दिवसरात्र चालून सतरा दिवस लागतात. सुएझ कालवा १८६९ साली सुरू झाला. त्याआधी सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागे, ती वाट जवळजवळ वीस हजार किलोमीटरची. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पुष्कळ जहाजे पुन्हा त्याच लांबच्या वाटेने जाऊ लागली. काकांचे जहाज एकदा तसे गेले होते. वीस हजार भागिले २८ म्हणजे सुमारे ७१४ तास. एक महिनाच झाला! त्या महिन्यात आजी रोज दिवा लावून झाला की विचारायची, आज कुठे असेल. आता तरी मी तिला गोलावर दाखवू शकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३० साली गोलमेज परिषदेला लंडनला गेले, तेही बोटीनेच. मुंबईहून त्यांना दोन आठवडे लागले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एक लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईला आणले. ती लंडनहून कराचीपर्यंत विमानाने आलेली पत्रे होती. मग ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत ते १० जूनला पोचले. बाबा म्हणाले होते ना, वाटेत थांबा असेल? त्या वेळी असता तर बाबांचे बरोबर आले असते.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी पळत घरी गेले. बाबा मांडवासाठी बांबू बांधत होते. मी सगळे सांगितले. विमान दुपारी बारालाच उतरणार, काका दीड वाजता बाहेर येणार आणि गावात पोचायला रात्रीचे अकरा वाजणार. हळद सातची, म्हणजे काकांना मिळत नाही. बाबा खाली उतरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पहिला फोन जीपवाल्याला केला, की सहाला जाऊ नको, बाराला जा. नाहीतर जीप सहा तास नुसती उभी राहिली असती आणि त्याचे पैसे वेगळे. मला वाटले, आता मला ओरडतील. पण ते म्हणाले, "तरी बरं, बुधवारीच कळलं."

हळदीचा प्रश्न आजीने सोडवला. ती म्हणाली, हळद सोमवारी पहाटे लावायची. मुहूर्त दुपारचा आहे. वाडीत पुन्हा सगळ्यांना सांगावे लागले आणि ते काम माझ्याकडे आले. चाळीस घरे! प्रत्येक घरात मला विचारत, "का गो, बदललं का?" आणि मी प्रत्येक घरात साडेपाच तासांचे गणित सांगत होते. पहिल्या पाच-सहा घरांत मला लाज वाटली. नंतर मी चुलीजवळच्या कोळशाने जमिनीवर गोल काढून दाखवायला लागले. एका काकूंनी विचारले, त्यांचा मुलगा दुबईला असतो, तिथे किती फरक? मला येत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारून सांगितले, दीड तास. त्या म्हणाल्या, म्हणूनच मी रात्री दहाला फोन केला की तो अजून जेवायचा असतो.

रविवारी विमान बाराच्या ऐवजी पावणेबारालाच उतरले. काका म्हणाले, वारा जोरात होता. ते घरी आले तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते आणि आजी ओटीवरच बसलेली होती. पहाटे पाच वाजता त्यांनी आत्याला हळद लावली. काका मधूनमधून जांभया देत होते, कारण त्यांचे शरीर अजून लंडनच्या घड्याळावर होते. तिथे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

आता वरच्या अटीचे सांगायचे राहिले. लंडनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेपाच नसून साडेचार तासांचा असतो. काका फेब्रुवारीत गेले आणि डिसेंबरात आले, दोन्ही वेळा हिवाळाच होता, म्हणून माझी बेरीज जुळली.

काका परत एप्रिलच्या दहा तारखेला जाणार आहेत. मुंबईहून दुपारी २ ला विमान सुटेल आणि १० तास लागतील. ते उतरतील तेव्हा लंडनच्या घड्याळात किती वाजले असतील? ज्यांना येईल त्यांनी पाटीवर लिहून मधल्या सुट्टीत मला दाखवावे. पालकांनीही सांगितले तरी चालेल. उत्तर या कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे, पण कागद खिळ्यावरून काढू नये.